कणगींतला वाटेकरी

उंदरास आपण चोर म्हणतों. रात्रीं कणगी कुरतडणाऱ्या व पेटींतील शालूस भोकें पाडणाऱ्या या प्राण्यास दुसरें नांव शोभतही नाहीं, असें कोणतीही गृहिणी सांगेल. परंतु आरोपीस शिक्षा सांगण्यापूर्वीं तो घरांत आला कसा, याची चौकशी करणें न्यायास धरून आहे. आणि ती करूं जातां दोषाचा कांहीं भाग फिर्यादीकडेच येतो.

मनुष्य भटकत होता तोंवर उंदरास त्याच्याशीं फारसें कर्तव्य नव्हतें. पश्चिम आशियांत सुमारें 15,000 वर्षांपूर्वीं माणसें एके जागीं राहूं लागलीं, तेव्हांच, म्हणजे शेतीच्याही आधीं, लहान घरउंदीर त्यांच्या वस्तींत शिरला. पुढें बळदें भरलीं, पेंवें खणलीं गेलीं, आणि त्याचें बस्तान कायमचें बसलें. मोठा काळा उंदीर तर मूळचा आपल्याच देशाकडील. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखांत गोवर्धनाबरोबर भरुकच्छ व शूर्पारक या बंदरांचीं नांवें आहेत. घाटावरचा माल त्या काळीं अशा बंदरांतून समुद्रापार जाई. व्यापाराच्या अशाच गोण्यांबरोबर हा प्राणी पश्चिमेस गेला आणि रोमन साम्राज्याच्या काळीं युरोपांत पसरला. उत्तर चीन व मंगोलियाकडचा तपकिरी उंदीर तेथें अठराव्या शतकांत पोंचला. त्यांस पंख नाहींत; त्यांस नेलें तें माणसानेंच.

या सोबतीची किंमत महाराष्ट्रानें 1896 नंतर मोजली. मुंबईंतील प्लेग नाशिक जिल्ह्यांतही आला. 1899 मध्यें भगूरच्या दामोदरपंत सावरकरांचा त्यानेंच अंत झाला. घरांत उंदीर पडला, कीं कुटुंबें गांवाबाहेर झोपड्यांत राहावयास जात. 1898 मध्यें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें कराचीस प्रयोग करून दाखविलें कीं, हा रोग पिसवांच्या द्वारें पसरतो. उंदीर मेला म्हणजे पिसवा त्याचें गार शरीर सोडून दुसरें ऊबदार शरीर शोधतात. ज्यास आपण वैरी मानिलें, तोच त्या रोगाचा पहिला बळी होता.

मग त्यास मारावें कीं नाहीं? दयावादी म्हणतात, गजाननाच्या वाहनास हात लावूं नये. आम्हांस हें पटत नाहीं. जी दया शेजारच्या मुलास रोगाच्या तोंडीं देते, तिला आळस म्हणणें अधिक खरें. दुसरे म्हणतात, सरसकट विष घाला. तेंही अपुरें आहे. मादीचा गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा. उघडें धान्य आणि साचलेला उकिरडा तसाच राहिला, तर रिकामीं झालेलीं बिळें पुन्हां भरतात. एका हातानें पोसावें व दुसऱ्यानें मारावें, असा हा व्यवहार होतो. आणि खरें क्रौर्य तें हेंच.

आमच्या मतें मारण्याचा अधिकार पोसणें थांबविल्यावरच येतो. कोठी झांकणें, उष्टें-खरकटें उघड्यावर न टाकणें, जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींतील बिळें बुजविणें, हीं कामें क्षुद्र दिसतात. पण दया व आत्मरक्षण या दोहोंचा मेळ त्यांतच बसतो. इतकें करूनही जो उरेल, त्यास मारतांना मनास टोंचणी लागेल; ती लागावी, हेंच बरें. गणेशचतुर्थीस मूषकापुढें मोदक ठेवणाऱ्या घरानें दुसऱ्या दिवशीं आपली कोठीही एकदां तपासून पाहावी.