सल्ला कुठल्या घरासाठी?

1882 साली पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झालं. बाईने कसं वागावं, घर कसं सांभाळावं, याचा उपदेश त्यात होता. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून रोखठोक विचारलं, की दोष तेवढे बायकांचेच का? पुढे 1927 पासून र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून नवराबायकोच्या शरीरसुखाविषयी उघडपणे लिहू लागले. बाईच्या कर्तव्यापासून निघालेला सल्ला दोघांच्या सुखापर्यंत पोचला, आणि ही वाटचाल मोठी आहे. पण सल्ला ऐकणाऱ्या जोडप्याला स्वतःची खोली असते, हातात मोकळी संध्याकाळ असते, हे गृहीत मात्र आजही कायम आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडात हे गृहीत टिकत नाही. ‘भांडण त्याच रात्री मिटवा, रुसून झोपू नका,’ असं सगळेच सांगतात. शहापूर तालुक्यातले कितीतरी नोकरदार आसनगाव, आटगाव, खर्डीहून पहाटेची लोकल धरतात आणि रात्री उशिरा घरी येतात. डब्यासाठी घरधनीण अंधारातच उठलेली असते. रात्री जेवणं आटोपेपर्यंत दोघांचेही डोळे मिटत आलेले. त्या वेळी विषय काढला तर राईचा पर्वत व्हायचा. म्हणून भांडण रविवारवर ढकललं जातं. सकाळी ती एक शब्द बोलत नाही, पण डब्यात त्याच्या आवडीची सुकटाची चटणी असते. पुस्तकी सल्ला याला अबोला म्हणेल. मला त्यात समजूतदारपणा दिसतो.

मुरबाडकडच्या एकत्र कुटुंबात सासू-सासरे, दीर-जावा, पोरं, सगळी एका छपराखाली. तिथे ‘एकमेकांना वेळ द्या’ म्हणजे काय करायचं? आवणीच्या दिवसांत बांधावर भाकर खाताना दोघं जे बोलून घेतात, तोच त्यांचा वेळ.

कातकऱ्यांचं त्याहून वेगळं. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून बयाणा आधीच उचललेला असतो. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि नवराबायको जोडीने राबतात. रात्रंदिवस एकत्र असलेल्या या दोघांना सहवास कमी पडत नाही. त्यांची भांडणं पेटतात ती खर्चीवरून: आठवड्याला हातात किती आले, बयाणा किती फिटला. तो हिशेब मालकाच्या वहीत असतो. कर्जापायी जोडप्याने राबणं इथे जुनंच आहे. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या लग्नगड्यांविषयी लिहिलं आहे. लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला सावकाराच्या दारी राबायचं, अशी ती गुलामी होती. कर्जाने पिचलेल्या जोडप्याला ‘मोकळेपणाने बोलत जा’ सांगणं मला क्रूर वाटतं. दुखणं बाहेरचं असताना त्याचा बोल संसाराला लागतो.

तेव्हा सल्ला बसत नसेल तर आधी तो कुठे अडतोय ते पाहावं. गाडीच्या वेळेत, घराच्या जागेत किंवा कर्जात अडत असेल, तर खुशाल सोडून द्यावा आणि त्याची रुखरुखही लावून घेऊ नये.

पण दोघांपैकी एकाच्याच सोयीआड येतो म्हणून तो नको असेल, तर गोष्ट वेगळी. ‘आमच्याकडे असंच चालतं’ हे वाक्य बहुतेक वेळा ज्याचं चालतं तोच म्हणतो. म्हणून दोघांना वेगवेगळं विचारायला हवं, आणि बाईला तर सासरच्यांच्या देखत मुळीच विचारू नये. तिची मजुरी नवरा परस्पर उचलत असेल, दारू पिऊन हात उगारत असेल, तर तो कुठल्याही संसाराचा वेगळेपणा नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा पाड्यावरच्या झोपडीलाही लागू आहे आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. अशा बाईला ‘जुळवून घे’ असं कोणीही सांगू नये. तिच्यासोबत त्या अधिकाऱ्यापर्यंत जावं.