चित्र कोणाचें?

कलाकृतीखालीं एकच नांव असावयाचें, ही समजूत आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तींत कोणावर अन्याय होत असेल अशी शंकाही सहसा येत नाहीं. जपानांतील लाकडी ठशांच्या चित्रांचा विचार करूं लागल्यावर मात्र ती शंका टाळतां येत नाहीं.

होकुसाई याचें कानागावाच्या लाटेचें चित्र सुमारें १८३१ सालीं निघालें. त्या काळीं असें चित्र तयार कसें होई? चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून देई. कोरणारा कारागीर तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवी व रेषांच्या दोहों बाजूंचें लाकूड काढून टाकी. ह्यांत मूळ रेखाटन नष्टच होई. मग रंगारंगाची निराळी फळी कोरावयाची. आणि छापणारा फळीवर कुंचल्यानें रंग लावून, वर दमट कागद ठेवून, बांबूच्या सालींत गुंडाळलेल्या चकतीनें तो घाशी. आकाशाचा गडद रंग हळूहळू फिका होत जातो, तो ह्याच हाताचा गुण. प्रकाशक ह्या सर्वांचा मेळ घाली. लाटेच्या चित्रावर सही मात्र एकट्या होकुसाईची!

कोणी म्हणेल, कल्पना त्याची. इतरांनीं केवळ हुकूम पाळला. परंतु नुसता हुकूम पाळणाऱ्या हातून केसाएवढी रेषा जिवंत राहत नाहीं. त्या हातास स्वतःची दृष्टि लागते. हें होकुसाईस ठाऊक असलेंच पाहिजे. कारण तरुणपणीं तो स्वतः ठसे कोरण्याचें काम शिकला होता. १८३४ पासून निघालेल्या त्याच्या ‘फुजी पर्वताचीं शंभर दृश्यें’ ह्या पुस्तकांत कोरणारा एगावा तोमेकिची याचें नांव छापलेलें आहे.

१९०४ सालीं यामामोतो कानाए ह्या तरुणानें ह्या प्रश्नास निराळें उत्तर दिलें. एका कोळ्याचें चित्र त्यानें स्वतःच रेखाटलें, स्वतःच कोरलें व स्वतःच छापलें. पुढें ह्याच तत्त्वावर जपानांत एक संप्रदाय उभा राहिला. हें उत्तर प्रामाणिक आहे, ह्यांत संशय नाहीं. पण तें पुरेसें आहे काय? एकट्यानें केलेलें तेवढेंच आपलें, असें मानलें तर मनुष्यांनीं मिळून करावयाच्या कोणत्याच कामास धनी उरणार नाहीं. दोष अनेक हात लागण्यांत नाहीं. ते हात झांकून ठेवण्यांत आहे.

जून वेन ह्या चित्रकर्त्रीनें १९६० सालीं लॉस एंजेलिस येथें टॅमॅरिंड हा शिळाछापाचा कारखाना काढला. तेथें चित्रकाराच्या सहीबरोबर छापणाऱ्याचीही लहानशी मुद्रा कागदावर उठवूं लागले. मुद्रा ती केवढी! पण तिच्यामुळें चित्रकाराचें महत्त्व तिळभरही उणें झालें नाहीं. धन वांटलें असतां प्रत्येकाचा वांटा घटतो. श्रेयाचें तसें नाहीं. म्हणूनच तें न वांटणाऱ्यास काटकसरीची सबब सांगतां येत नाहीं. दुसऱ्याचें नांव घेणें हें औदार्य नव्हे, तें ऋण फेडणें होय, असें आम्हांस वाटतें.