पायथ्याचे गाव

दिवाळी आली की आमच्या साताऱ्याच्या घरी दोन मोहिमा एकदम सुरू होतात. एक अंगणातली, दुसरी माजघरातली. अंगणात दगड, विटा, जुनी पोती आणि चिखल यांतून किल्ला उभा राहत असतो, तर माजघरात सांगलीहून आलेला माझा नातू संगणकापुढे बसून अंतराळातली लढाई लढत असतो. गेल्या दिवाळीत अंगणातला अजिंक्यतारा बुरुजापर्यंत चढला आणि तेथेच अडला, कारण सेनापती आत जाऊन बसले होते. त्यांना कान धरून बाहेर आणावे म्हणून मी आत गेलो खरा. पण पाच मिनिटे पाहू म्हणून टेकलो, आणि दोन संध्याकाळी तेथून उठलोच नाही!

खेळाचे नाव टायटनफॉल 2. तो बाजारात आला 28 ऑक्टोबर 2016 रोजी, आणि योगायोग असा की त्या दिवशी आपल्याकडे धनत्रयोदशी होती. त्यात एकट्याने खेळायची एक सलग कथा आहे. जाणकार तिला ‘कॅम्पेन’ म्हणतात, मी आपला ‘मोहीम’ म्हणतो. दूरच्या ग्रहमालांवरचे वसाहतवाले आणि त्यांची भूमी गिळू पाहणारी एक बलाढ्य कंपनी यांचे युद्ध जुंपले आहे. वसाहतवाल्यांच्या फौजेत जॅक कूपर नावाचा एक साधा बंदूकधारी शिपाई आहे. त्याचा कप्तान मरता मरता आपले प्रचंड लोखंडी यंत्र त्याच्या हवाली करतो. त्या यंत्राचे नाव बीटी. शिपाई त्याच्या पोटात बसून लढतो, आणि बाहेर पडला की ते त्याच्या शेजारी उभे राहून लढते.

या मोहिमेचे गुण मी मोकळ्या मनाने मान्य करतो. एका ठिकाणी शिपायाच्या मनगटावर एक यंत्र बसते. कळ दाबली की जळून भग्न झालेली इमारत नाहीशी होते आणि तीच इमारत नांदती असतानाच्या काळात तो जाऊन उभा राहतो. पुन्हा कळ दाबली की पुन्हा राख! वाड्यांचे चौथरे पाहत वाढलेल्या माणसाला ही कल्पना किती भिडेल ते सांगायला नको. आणि तो बीटी! बोलण्यातला लाक्षणिक अर्थ त्याला कळत नाही. प्रत्येक वाक्य तो शब्दशः घेतो, त्यामुळे हसू येते. दरी ओलांडायची वेळ आली की तो शिपायाला हातात धरतो, ‘विश्वास ठेव’ म्हणतो, आणि सरळ पलीकडे भिरकावतो. शेवटी, सारे काही उद्ध्वस्त होण्याच्या घटकेला, तो त्याला तसाच दूर फेकतो आणि स्वतः मात्र मागे राहतो. पायलटचे रक्षण करणे हा त्याचा तिसरा नियम असतो.

त्या क्षणी नातवाने माझ्याकडे पाठ केली. थोड्या वेळाने म्हणाला, “आजोबा, तो तर यंत्र होता. मग मला रडू का आलं?”

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला दुसराच प्रश्न छळू लागला. याच मुलाने त्याच दोन संध्याकाळी शेकडो माणसे लोळवली होती, आणि त्यांतल्या एकासाठीही त्याने सुस्कारा टाकला नव्हता. हा दोष त्याचा की गोष्टीचा?

सकाळी फराळाच्या वेळी मी हे बोलून दाखवले. तो भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीचा. उत्तर तयारच होते! “बुद्धिबळातही प्यादी मरतातच की, आजोबा.”

मी क्षणभर निरुत्तर झालो. मग लक्षात आले, प्यादे आपल्याला गोष्ट सांगत नाही. ‘विश्वास ठेव’ असे ते कधी म्हणत नाही. ज्याने गोष्ट सांगायला घेतली, त्याला मात्र एका प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे: ही लढाई कोणाच्या घरासाठी?

आणि येथेच ही मोहीम उणी पडते. ती अवघ्या पाचसहा तासांत आटोपते, तिच्यातले भाडोत्री खलनायक येतात, बढाया मारतात आणि पडतात, हे दोष किरकोळ आहेत. मोठा दोष निराळा. युद्ध वसाहतवाल्यांच्या भूमीसाठी, पण त्यांची एक चूल पेटलेली मला दिसली नाही. घरे दिसली ती एका कारखान्यात. तेथे अजस्र यंत्रे भिंतीला भिंत जोडून आख्खी वस्ती तयार करीत होती, आणि ती कशासाठी? तर युद्धाचा सराव करण्यासाठी! त्या घरांत राहायला कोणी येणारच नव्हते.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे सापडले. ज्याच्यात आपण राहिलो, त्याच्यासाठीच डोळे भरून येतात. त्या साऱ्या कथेत राहण्याजोगी जागा एकच होती, बीटीचे पोट. बाकी शत्रूंनाही घर नव्हते आणि मित्रांनाही नव्हते.

खरी मोहीम अशी नसते. आमच्याच मातीतले उदाहरण घ्या. 1943 ते 1946 या काळात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. आज सांगलीत असलेले वाळवा आणि तासगाव हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. त्या मंडळींनी 1943 च्या जूनमध्ये शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून सरकारी खजिना लुटला, हे सारे सांगतात. पण त्याच मंडळींनी गावोगाव न्यायदान मंडळे चालवली, भाऊबंदकीचे तंटे मिटवले, थोडक्या खर्चात लग्ने लावून दिली. त्या मोहिमेलाही डाग होते. शिक्षा कठोर होत. ‘पत्री सरकार’ हे लोकांच्या तोंडचे नाव त्याचीच आठवण देते. तरीही तिचे गुणदोष आपण तोलू शकतो, कारण बंदुकीच्या मागे गाव दिसते. गावच नसेल तर शौर्य कशाच्या तागडीत घालायचे?

मुलांनी असले खेळ खेळूच नयेत असे मी म्हणणार नाही. लोखंडाच्या यंत्रासाठी ज्याला रडू येते त्याच्या काळजाची मला चिंता नाही. फक्त त्या काळजाचे अंगण थोडे मोठे व्हावे, एवढेच.

दुपारी तो आपण होऊन अंगणात गेला. पेरलेले अळीव हिरवे होऊन आले होते. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याने विहीर खणली, घागरवाली उभी केली, नांगरवाला शेतकरी मांडला, दोन झोपड्या रचल्या. मग मातीचा एक ओबडधोबड, एका डोळ्याचा राक्षस आणून त्याने वेशीपाशी ठेवला. मी ओळखले, तो बीटी होता. मावळ्यांच्या शेजारी ते ध्यान मुळीच शोभत नव्हते.

“अरे, याला वर बुरुजावर तरी ठेव,” मी म्हणालो.

“नको आजोबा,” तो म्हणाला, “घरं इथंच आहेत ना.”