शकुनीसमोर बसताना

युधिष्ठिराच्या द्यूताबद्दल आपल्याकडे एकच तक्रार ऐकू येते: तो खेळायला बसलाच कशाला? बोलावणं आलं तर नाकारायचं नाही असा त्याचा नेम होता, निरोप घेऊन प्रत्यक्ष विदुर आला होता, हे सगळं खरं. पण सभापर्व शिकवताना मला दुसरंच खटकायचं. बसल्यावर तो खेळला कसा? कुंतीपुत्राला द्यूताची आवड आहे पण खेळता येत नाही, हे शकुनीने आधीच सांगून ठेवलेलं आहे. पुढे घडतंही तसंच. रत्नं, रथ, हत्ती, खजिना असे एकामागून एक पण लागतात आणि दर वेळी शकुनी फासे टाकून ‘जिंकलं’ म्हणतो. युधिष्ठिर फक्त पण वाढवत जातो. थांबत नाही, डाव आवरता घेत नाही, दुसरी काही युक्ती करून बघत नाही. शकुनीने कपट केलं हे महाभारतच सांगतं. पण समोरचा कपटी असो की नुसताच तरबेज, आपल्याहून भारी माणसापुढे बसणाऱ्याचा धर्म कोणता, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

माझ्यापुढे हा प्रश्न बहुतेक संध्याकाळी असतो, आणि तोही पूल टेबलावर. माझे यजमान सैन्यात होते. महूला आणि खडकीला असताना मेसमधल्या बिलियर्ड्सच्या टेबलावर मी क्यू धरायला शिकले. आता संस्कृत शिकवण्यातून निवृत्त झाले आहे आणि सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सात फुटी टेबल आहे. त्याच्या कापडावर ब्रेकच्या जागी पांढुरका डाग पडलाय आणि चॉक वॉचमनच्या ड्रॉवरमधून मागून घ्यावा लागतो. समोर बहुधा बी विंगमधला इंजिनिअरिंगचा मुलगा असतो. त्याचा हात बसला की मी खुर्चीत बसून पाणी पिते. तो माझ्याहून चांगला खेळतो, यात वादच नाही.

एट-बॉलमध्ये सात साधे बॉल, सात पट्ट्यांचे, एक काळा आठ आणि क्यूने मारायची व्हाइट. आपले सात घालायचे आणि मग काळा. साहजिकच वाटतं की जितके बॉल घातले तितके आपण विजयाजवळ आलो. कच्च्या खेळाडूचा घात इथेच होतो. पाच बॉल झटपट घातले, उरलेले दोन कुशनला चिकटलेले, आणि शॉट चुकला. आता टेबल मोकळं. समोरच्याच्या वाटेत येणारे माझे बॉल मीच उचलून दिलेले असतात. म्हणून भारी खेळाडूपुढे आधी हिशेब करावा: मला इथून शेवटपर्यंत जाता येईल का? येणार नसेल तर बॉल टेबलावरच राहू द्यावेत. पॉकेटच्या तोंडाशी बसलेला आपला एक बॉल ते पॉकेट त्याच्यासाठी बंद करतो. त्याचे दोन बॉल एकमेकांना चिकटले असतील तर ते फोडून देण्याची घाई करू नये.

परवाचीच गोष्ट. त्याचा शेवटचा लाल पट्ट्याचा अकरा मधल्या पॉकेटजवळ होता, काळा त्याच्या अलीकडे. माझा जांभळा चार पातळ कट मारून लांबच्या कोपऱ्यात घालता आला असता, पण पाचांत एखाद्या वेळी जाईल असा तो शॉट. मी चारला अर्धाच बॉल धरून हळू मारलं. चार कुशनला लागला, म्हणजे फाउल नाही, आणि व्हाइट रांगत रांगत काळ्याच्या मागे जाऊन थांबली. त्याने वाकून पाहिलं, टेबलाभोवती चक्कर मारली, क्यूचं टोक उगाचच चॉकवर घासलं आणि म्हणाला, “काकू, हे काय? सरळ खेळा ना!”

त्याची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. स्वतः काही न घालता दुसऱ्याची वाट अडवायची, यात कमीपणा आहे का? भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली तेव्हा बलराम नांगर उगारून धावला होता. नाभीखाली प्रहार करायचा नाही हा गदायुद्धाचा नियम भीमाने मोडला होता. सेफ्टी, म्हणजे अशी वाट अडवणारी खेळी, तशी नाही. आपला बॉल आधी लागला पाहिजे, मग कोणता तरी बॉल पॉकेटमध्ये गेला पाहिजे किंवा कुशनला लागला पाहिजे, हे नियम तीही पाळते. नाइन-बॉलमध्ये तर खेळाडू कधी कधी मुद्दाम फाउल करतात. त्याबद्दल व्हाइट समोरच्याच्या हातात द्यावी लागते, तो ती हवी तिथे ठेवतो, आणि ओळीने तीन फाउल झाले की डाव गेला. माझ्या लेखी हेही कपट नाही. ज्याची किंमत दोघांना आधीपासून माहीत असते आणि जी टेबलावर सगळ्यांदेखत मोजली जाते, तो डाव. किंमत समोरच्याला कळूच दिली नाही, तर ते कपट. शकुनीचा दोष तिथे होता, त्याच्या कौशल्यात नव्हता.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा सारांश असा की, गरज नसलेले अडथळे आपखुशीने पत्करून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. ही व्याख्या मानली तर काळ्यामागे व्हाइट लपवून मी त्या मुलाचा खेळ बिघडवला नाही, उलट त्याला खेळायला काही तरी दिलं.

दुसरा आक्षेप आमच्या गीतावर्गातला. एक बाई म्हणाल्या, “फळाचा विचार सोडा आणि बिनधास्त शॉट मारा, हाच कर्मयोग.” मला हा आळस वाटतो. फळाची आसक्ती सोडणं वेगळं आणि परिणामाचा विचार सोडणं वेगळं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या ‘गीतारहस्या’त टिळक कर्म टाकायला सांगत नाहीत आणि आंधळेपणाने करायलाही सांगत नाहीत. सिसेरोने स्टोइकांचा धनुर्धराचा दृष्टान्त दिला आहे: नेम नीट धरणं हे त्याचं काम, बाण लागणं हे त्याच्या हाती नाही. दृष्टान्त चांगलाच आहे, पण त्या धनुर्धराचा चुकलेला बाण उचलून कोणी त्याच्यावर सोडत नाही. टेबलावर माझा चुकलेला शॉट दुसऱ्याचा पहिला शॉट असतो. म्हणून इथे प्रत्येक शॉटला दोन फळं: गेला तर काय आणि चुकला तर काय. भारी खेळाडूला पहिल्याचा विचार पुरतो. दुबळ्याने दुसऱ्याचा आधी करायचा. सोपा दिसणारा, मोह पाडणारा पॉट हातचा सोडून सेफ्टी खेळताना फळाचा लोभ जेवढा आवरावा लागतो, तेवढा बिनधास्त शॉट मारताना मुळीच लागत नाही.

नशिबाचाही हिशेब मांडून पाहावा. एका डावात माझी शक्यता शंभरात ४० आहे असं धरू. एकाच डावावर सामना ठरला तर ४० टक्के. आधी तीन डाव जिंकेल तो विजयी, असं ठरलं तर माझी शक्यता ३२ टक्क्यांच्या आसपास येते, आणि पाच डावांचं ठरलं तर २७ च्या. सामना जितका लांबेल तितका योगायोग पातळ होतो आणि खरी ताकद वर येते. तेव्हा दुबळ्याने सामना छोटा मागावा, वेळीच उठावं. युधिष्ठिराने नेमकं उलटं केलं. तो बसून राहिला आणि हरलेलं परत मिळाल्यावरही अनुद्यूताला, म्हणजे द्यूताच्या दुसऱ्या फेरीला, पुन्हा आला.

मात्र डावपेचांनी मी काही डाव घेते, त्या मुलाच्या बरोबरीची होत नाही. महाभारताचं खरं उत्तर वनपर्वात आहे. माझ्याहून अभागी कोणी आहे का, असं युधिष्ठिर विचारतो तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला नळाची कथा सांगतात. नळही भाऊ पुष्कर याच्याशी द्यूतात राज्य हरला होता. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. बेहड्याच्या झाडावरची पानंफळं नुसत्या नजरेने मोजणाऱ्या त्या राजाकडून त्याने अक्षविद्या घेतली, बदल्यात अश्वविद्या दिली. ती विद्या येताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडला, असं कथा सांगते. नंतर त्याने पुष्कराला पुन्हा आव्हान दिलं आणि राज्य परत मिळवलं. कथा संपवून बृहदश्वांनी नुसतं सांत्वन केलं नाही, युधिष्ठिरालाही ती विद्या शिकवली. विराटाच्या दरबारात कंक म्हणून फासे टाकणारा युधिष्ठिर जिंकत होता आणि जिंकलेलं धन गुपचूप भावांना देत होता.

तेव्हा आपल्याहून भारी माणूस समोर आला तर आधी आपली पायरी ओळखावी, शॉट जमत नसेल तर वाट अडवावी, लावलेला पण वाढवू नये, आणि वेळ झाली की उठावं. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच जाऊन तो शॉट शिकून घ्यावा. हरण्यात अधर्म नाही. येत नसताना पण वाढवत जाणं, हा मात्र अधर्मच.