नायकाची डागडुजी

2025 सालच्या जानेवारी महिन्यांत 'छावा' या हिंदी चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली, आणि तींत छत्रपति संभाजी महाराज लेझीम खेळतांना दिसतांच महाराष्ट्रांत मोठा गहजब झाला. छत्रपतींनीं नाचावें काय, येथून वादास आरंभ झाला, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनीं तो प्रसंग गाळल्यावर तो शमला. लेझमीविषयीं आम्हांस फारसें बोलावयाचें नाहीं. तो मर्दानी खेळ आहे, आणि आमच्या जावळी खोऱ्यांत तो खेळणारास कोणी हीन लेखीत नाहीं. परंतु लोकांच्या अंतःकरणांत बसलेल्या वीराची मूर्ति पुन्हां घडविण्याचा अधिकार कोणास, आणि कोठपर्यंत, हा खरा प्रश्न त्या झांजांच्या आवाजांत बुडून गेला.

पाश्चात्त्यांच्या चित्रकथांतील वीरांपुरता हा प्रश्न सोपा आहे. सुपरमॅन 1938 सालीं जन्मला, बॅटमॅन 1939 सालीं. 1986 त फ्रँक मिलर यांनीं बॅटमॅनला वयस्क व कडवट करून दाखविलें. त्या नव्या रूपावरून रसिकांनीं कितीहि भांडावें, कोणाच्या पणजोबाची अब्रू त्यांत गुंतलेली नव्हती. आमच्याकडे तसें नाहीं. आमच्या वीरांचे किल्ले अजून उभे आहेत, आणि त्यांच्या वैऱ्यांचीं आडनांवें मतदारयादींत सांपडतात.

संभाजी महाराजांची 'मूळ' मूर्ति बिघडवूं नका, असें म्हणणारांस आम्ही विचारतों कीं, मूळ मूर्ति कोणती? मल्हार रामराव चिटणीस यांनीं महाराजांच्या वधानंतर शंभरावर वर्षांनीं सातारच्या दरबारीं बसून बखर लिहिली. तींतले महाराज व्यसनी व अविचारी आहेत. ज्या बाळाजी आवजींस महाराजांनीं 1681 त देहांत शासन दिलें, ते या बखरकारांचे पूर्वज, ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये. पुढें गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकांतहि तोच विलासी राजा रंगभूमीसाठीं सजला. वासुदेव सीताराम बेंद्रे यांनीं अनेक वर्षें कागद धुंडाळून 1960 त चरित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां हें चित्र खऱ्या अर्थानें पालटूं लागलें. मग कानेटकरांचें 'रायगडाला जेव्हां जाग येते' (1962) आलें, शिवाजी सावंतांची 'छावा' (1979) आली, आणि त्या कादंबरीवरून हा चित्रपट. 2017 च्या जानेवारींत पुण्याच्या संभाजी उद्यानांतून गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेंत फेकण्यांत आला. पण गडकऱ्यांचा राजा त्याच्या कितीतरी आधींच बेंद्र्यांच्या कागदांनीं पदच्युत केला होता. बेंद्र्यांस त्यासाठीं पहार लागली नाहीं.

तेव्हां नवी मूर्ति घडवूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. नव्या मूर्तीनेंच येथें न्याय झाला. पण आम्ही एक भेद मानतों. नायकाचें तेज वाढवितांना कवीनें थोडी सूट घेतली तर ती क्षम्य आहे. खलनायकाचें काळें वाढवितांना ती क्षम्य नाहीं. 'छावा'मध्यें गणोजी शिर्के यांनीं महाराजांस धरून दिल्याचें दाखविलें आहे. 1689 च्या फेब्रुवारींत संगमेश्वरीं मुकर्रबखानानें महाराजांस पकडलें, हें निर्विवाद आहे. त्यांत फितुरी कोणाची, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. शिर्के घराण्याच्या वंशजांनीं हरकत घेतली, तेव्हां दिग्दर्शकांनीं दिलगिरी दर्शविली, आणि चित्रपटांत आडनांव किंवा गांव घेतलेलें नाहीं, असा खुलासा केला. महाराष्ट्रांत गणोजी म्हटल्यावर आडनांव सांगावें लागतें काय? पुराव्यावांचून कलंक लागल्यानें ज्या पुरुषाची दीडशे वर्षें हानि झाली, त्याच्याच कीर्तीसाठीं दुसऱ्या कुळास तसाच कलंक लावावा, हें आम्हांस रुचत नाहीं.

मेढा गांवीं राहणारास ही गोष्ट लवकर कळते. जावळी तालुक्याचें ठाणें येथें वेण्णेच्या कांठीं आहे, आणि जावळी म्हटली कीं चंद्रराव मोरे आलेच. शालेय पुस्तकांत त्यांच्या वाट्यास उद्दाम सरदार एवढेंच रूप आहे. 1656 त शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली कीं त्यांचें काम संपलें. पण त्याच मोऱ्यांच्या पदरीं मुरारबाजी देशपांडे होते. धनी गेल्यावर ते शिवाजी महाराजांकडे आले. 1665 त पुरंदरावर दिलेरखानानें त्यांचा पराक्रम पाहून कौल देऊं केला, तो त्यांनीं झिडकारला व ते तेथेंच पडले, असें बखरकार सांगतात.

आणि त्याच दिलेरखानाकडे 1678 च्या डिसेंबरांत युवराज संभाजी गेले; तेहि आमच्या सातारा जिल्ह्यांतील सज्जनगडाहून. त्यांस सात हजारी मनसब मिळाली. नवे मूर्तिकार या ठिकाणीं फार अडखळतात. कोणी म्हणतात, तो पितापुत्रांचा संगनमताचा डाव होता. चित्रपटाची कथा 1681 च्या बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून सुरू होते, त्यामुळें तें वर्ष सोयीनें मागें राहतें. आमच्या मतें ही डागडुजी नायकाचें नुकसान करते. जाणें हा डाव ठरला, तर 1679 च्या अखेरीस पन्हाळ्यास परत येणें हीहि आज्ञापालनापलीकडे कांहीं उरत नाहीं, आणि बापासमोर उभें राहण्यास लागलेलें धैर्य पुसलें जातें. तुळापुरच्या मरणाचें मोलहि त्यानें उणावतें. मोगलांच्या चाकरीचें सुख ज्यानें कधीं पाहिलेंच नाहीं, त्यानें तें नाकारणें वेगळें. एकदां पदरांत घेतलेली मनसब ज्यानें टाकून दिली, त्यानें दहा वर्षांनीं यातनांपुढें न वांकणें वेगळें.

पण त्या वर्षाचा हिशेब तेवढ्यानें पुरा होत नाहीं. 1679 त दिलेरखानानें भूपाळगड घेतला. सांगली जिल्ह्यांतील खानापूर तालुक्यांत बाणूरगड म्हणतात तो हाच. हातीं लागलेल्यांपैकीं सातशे जणांचा एकेक हात खानानें तोडविला, असें इतिहासकार लिहितात. युवराज त्या वेळीं खानाच्या छावणींत होते. लेझमीच्या प्रसंगावर एवढें रान उठविणारांपैकीं या सातशे जणांविषयीं कोणीं विचारलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं, आणि त्यांच्या वतीनें नोटीस धाडावयास कोणी वंशजहि पुढें आलेला नाहीं.