सगळे की एखादा?

माझा भाचा कोरेगाव भीमाला राहतो आणि खराडीला संगणकाच्या कंपनीत जातो. दिवसभर तिथे करतोस काय, असे एकदा विचारले. "अ‍ॅरे तपासतो," तो म्हणाला. मामाला 'अरे' म्हणायचे दिवस आलेच आहेत, असे समजून मी गप्प बसलो. पण अ‍ॅरे म्हणजे म्हणे यादी. यादीतल्या एकेकाला एक प्रश्न विचारायचा. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. या प्रश्नाला त्यांच्यात प्रेडिकेट म्हणतात. ('तसं नव्हे', 'बघू' आणि 'तुम्ही म्हणता तेही खरं' ही आपली तीन राष्ट्रीय उत्तरे तिथे चालत नाहीत.)

पुढे दोन हुकूम. 'एव्हरी' म्हटले की सगळेच कसोटीला उतरतात का ते पाहायचे. एक जरी नापास निघाला की यंत्र तिथेच थांबून 'नाही' म्हणते. 'सम' म्हटले की एखादा तरी उतरतो का. पहिला सापडला की 'हो' म्हणून मोकळे. पुढची यादी बघतसुद्धा नाही. हे न बघणे आपल्यालाही छान जमते. एक विद्यार्थी भाडेकरू भिंतभर खिळे ठोकून जातो आणि घरमालक तिथेच यादी मिटतो. फरक इतकाच, की यंत्र 'एखादा आहे' एवढेच म्हणते. घरमालक म्हणतो, "विद्यार्थी ना? सगळे तसलेच!"

कसोटी दिसायला किती साधी असते! भाच्याकडे जाताना भीमेच्या पुलाअलीकडे, पेरण्याच्या हद्दीत, जयस्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ ला पेशव्यांच्या फौजेशी लढताना पडलेल्या कंपनी सरकारच्या ४९ शिपायांची नावे त्यावर आहेत. त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाची. तेवढ्यावरून ते शिपाई महार होते, हे कळते. एका प्रत्ययाची ही तपासणी, म्हणजे प्रेडिकेटच. गावात हाच प्रत्यय माणसाला पाणवठ्यापासून दूर ठेवायला पुरे होता. दगडावर तोच पराक्रमाचा पुरावा झाला. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले, आणि आता दर वर्षी त्या तारखेला लाखो लोक येतात. प्रश्न तोच, विचारणारे बदलले.

पण मला खरा धक्का दिला तो रिकाम्या यादीने. यादीत कोणीच नसेल तर? "मामा, मग 'एव्हरी'चं उत्तर 'हो' येतं." का, तर नापास होणारा एकही सापडला नाही! या न्यायाने माझ्या सर्व मोटारी परदेशी आहेत. त्या सर्व देशीही आहेत. हे बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, "मग त्यातल्या एखादीतून दळण घेऊन या." कोणी न शिकवता तिने बरोबर 'सम' लावले. रिकाम्या यादीवर त्याचे उत्तर 'नाही' येते. दळण मी पायीच आणले.

आमच्या ओळखीचे एक सज्जन घरमालक आहेत. परवा म्हणाले, "आमच्याकडे जातपात अजिबात नाही हो. आमच्या खोल्यांत राहिलेल्या प्रत्येक दलित भाडेकरूला आम्ही अगदी घरच्यासारखं वागवलं." वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. संगणकानेही 'हो' म्हटले असते.

"एखाद्याचं नाव सांगा की," मी म्हटले.

"नाही, म्हणजे," ते म्हणाले, "तसा योग आला नाही कधी."

त्यांच्या दोन खोल्या गेल्या दिवाळीपासून रिकाम्या आहेत.