दान आणि परतफेड



लूककृत शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उंबराच्या झाडावर चढलेला तो ठेंगू जकातदार आपल्या चांगला लक्षात राहतो, पण प्रभू घरी आल्यावर तो काय कबूल करतो याकडे आपले लक्ष जात नाही. तो दोन वेगळ्या गोष्टी कबूल करतो. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट. पहिले दान आहे, दुसरी परतफेड. पहिले केले म्हणून दुसरे माफ होते असे त्याला वाटलेले दिसत नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड कुटुंबाविषयी वाचताना हा जक्कय मला सारखा आठवतो. लिलंड स्टॅनफर्ड हे सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनीचे अध्यक्ष. सरकारी कर्ज आणि सरकारने दिलेल्या जमिनी यांच्या बळावर ह्या कंपनीने कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे रूळ टाकले. १० मे १८६९ रोजी युटातील प्रॉमंटरी येथे दोन्ही बाजूंचे रूळ जोडले गेले, तेव्हा सोन्याचा खिळा ठोकण्याचा मान स्टॅनफर्ड यांना मिळाला. पैसा अमाप आला. मात्र लग्नानंतर अठरा वर्षांनी झालेला त्यांचा एकुलता एक मुलगा मार्च १८८४ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने गेला. त्याला सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

आता कॅलिफोर्नियाची मुले हीच आपली मुले, असे मानून आईबापांनी १८८५ साली मुलाच्या नावाने विद्यापीठ स्थापन केले. १८९१ मध्ये ते सुरू झाले तेव्हा मुलींनाही प्रवेश होता आणि शिकवणीची फी नव्हती. १८९३ साली लिलंड वारले. सरकारने जुन्या रेल्वे कर्जापोटी त्यांच्या इस्टेटीवर दीड कोटी डॉलरचा दावा लावला आणि पैसा अडकला. तेव्हा त्यांच्या पत्नी जेन यांनी घरखर्चासाठी कोर्टाने मंजूर केलेल्या रकमेतून प्राध्यापकांचे पगार भागवले, घरातील नोकर कमी केले, पुढे दागिनेही विकायला काढले. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. ह्या माउलीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता दुसरी बाजू. सिएरा नेवाडाचा कातळ फोडून बोगदे काढणारे बहुतांश मजूर चिनी होते; सारे मिळून दहा हजारांहून अधिक. १८६२ मध्ये गव्हर्नर झाल्यावर पहिल्याच भाषणात स्टॅनफर्ड यांनी आशियाई लोकांना हीन ठरवून त्यांच्या येण्याला विरोध केला होता. तीनच वर्षांनी हेच लोक कष्टाळू, शांत आणि स्वस्त असल्याचे त्यांच्या कंपनीने सरकारला कळवले. गोऱ्या मजुराला पगाराशिवाय जेवण मिळे. चिन्याला पगार कमी, आणि जेवणाचा खर्च त्याचा त्यानेच करायचा. जून १८६७ मध्ये सुमारे तीन हजार चिनी मजुरांनी चाळीस डॉलर पगार आणि कमी तासांचे काम मागत संप केला. कंपनीने डोंगरात जाणारा शिधाच बंद केला. आठवड्याभरात संप मोडला.

कोणी म्हणेल, मजुरी ठरवून घेतली होती, मग चोरी कसली? पण शिधा तोडल्यावर दिलेल्या संमतीला संमती म्हणायचे का, हे आपणच ठरवावे. (आपल्याकडेही देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरतात, ती फरशी बसवणाऱ्या गवंड्याची मजुरी चुकती झाली का, हे सहसा कोणी विचारत नाही.)

संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न बारकाईने हाताळला आहे. जे दुसऱ्याचे देणे लागते ते भिक्षा म्हणून तिसऱ्याला देता येत नाही, ते ज्याचे त्याला परत करावे, असे ते मानतात. मात्र व्यवहारी मनुष्याची अडचणही त्यांना ठाऊक आहे. ज्याचे देणे लागतो तो सापडतच नसेल तर त्याच्या कल्याणार्थ दान करावे, पण आधी त्याचा कसून शोध घ्यावा.

स्टॅनफर्ड यांच्या बाजूने ही दुसरी वाट दाखवता येईल का, याचा मी बराच विचार केला. ती लागू पडत नाही. १८८५ मध्ये ते मजूर हरवलेले नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत त्यांतले कित्येक राहत होते, आणि खुद्द स्टॅनफर्ड यांच्या पालो आल्टो येथील मळ्यावर चिनी मजूर कामाला होते. १८८२ च्या कायद्याने नव्या चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले होते, त्यामुळे कॅलिफोर्नियाची मुले म्हणताना त्यांची मुले कोणाच्या डोळ्यांसमोर आली असतील असे वाटत नाही.

शोध झाला, पण तो २०१२ मध्ये, आणि तोही त्याच विद्यापीठातील अभ्यासकांनी हाती घेतला. त्यांनी अमेरिकेत आणि चीनमध्ये धुंडाळले. त्या हजारो मजुरांपैकी एकाचेही पत्र किंवा रोजनिशी त्यांच्या हाती लागली नाही. कंपनीच्या पगारवह्या मिळाल्या. त्यांत बहुतेक ठिकाणी टोळीच्या मुकादमाचे नाव आहे, आणि पुढे त्याच्या माणसांच्या कामाचे दिवस.